पाठ केलेला मुलूख

इरावतीच्या तोंडी हॅलमसाहेबांचं नाव आलं की शिरीषच्या कपाळावर आठी पडायची. साहेब पासष्टीचे, पोट सुटलेले, डोक्याला टक्कल. पण जळणाऱ्या नवऱ्याला टक्कल कुठे दिसतं?

आखातात, सीफ भागातल्या एका ऑफिसात इरावती नकाशे काढायची आणि हॅलम तिचे बॉस. आता निवृत्त होऊन ते इंग्लंडला आपल्या खेड्यात परतणार होते. त्यांचा जीव अडकला होता तिथल्या हंड्रेडमध्ये. हंड्रेड म्हणजे आपल्या तालुक्यासारखा, फार जुना विभाग. पाच-पंचवीस खेडी, मधे एक टेकाड, टेकाडावर ओकचं झाड. त्या झाडाखाली सगळ्या खेड्यांची माणसं जमून तंटे मिटवायची. सरकारने तो विभाग कधीच मोडीत काढला होता, साहेबांनी नाही. जेवणाच्या सुट्टीत ते एकेक खेडं सांगत आणि इरावती ते नकाशावर उतरवी. संध्याकाळी माहूजच्या फ्लॅटमध्ये येऊन ती तेच सगळं शिरीषला ऐकवायची, आणि तिचे डोळे चमकायचे. सतरा वर्षांच्या संसारात आपल्या बँकेच्या गोष्टी ऐकताना हे डोळे एकदाही चमकले नाहीत, हे शिरीषला फार झोंबायचं.

"साहेब जायच्या आधी त्यांना जेवायला बोलवू या," ती म्हणाली.

"बोलव की. या शुक्रवारीच बोलव," शिरीष म्हणाला आणि अभ्यासाला लागला. म्हाताऱ्याला त्याच्याच अंगणात चीत करायचं, असा त्याचा बेत होता. बाथरूममध्ये फोन, सिग्नलला फोन. खेडी, ओढे, पवनचक्क्या, कोणत्या चर्चचं छप्पर कधी जळालं, सगळं तोंडपाठ.

"बाबा, आर वी मूव्हिंग टु इंग्लंड?" लेकीने, निवेदिताने, एकदा घाबरून विचारलं.

शुक्रवारी दुपारी साहेब आले, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मसालेभात वाढून होतो न होतो तोच शिरीष सुटला. टेकाडापासून सुरुवात करून त्याने ओढ्याकाठची सगळी खेडी ओळीने घेतली. साहेब चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. माझ्या पोरांनीही कधी हे विचारलं नाही, म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. इरावती नवऱ्याकडे पाहतच राहिली. शिरीषला वाटलं, जिंकलो.

मग साहेबांनी कागद सोडला. आत फ्रेम, फ्रेममध्ये हाताने रंगवलेला नकाशा.

"हा तुमचा ओढा ना?" शिरीष लगेच बोट ठेवून म्हणाला.

साहेब हसून म्हणाले, नाही, ही इरावतीच्या गावची नदी. चंदगडजवळची. माझं एक खेडं ऐकलं की ती तिच्या गावची एक जागा सांगायची, असा आमचा सौदा होता. ही तिच्या शाळेची पायवाट. हे जांभळीचं झाड, तुमच्याकडे गावकी याच्याखाली बसते ना? फक्त एक शंका आहे. नदी चालत ओलांडायची जागा देवळाच्या वर की खाली? तिला अचानक द्यायचं होतं, म्हणून विचारता आलं नाही. तुम्हाला माहीत असेलच.

शिरीषने नकाशाकडे पाहिलं. दरवर्षी सुट्टीत तो त्या गावी एक रात्र काढायचा, तीही फोनला रेंज शोधत.

"वर," तो म्हणाला.

"खाली," इरावती म्हणाली. मग हसून साहेबांना इंग्रजीत समजावलं, की याला कायम घाई असते, नदीपर्यंत जाणं कधी झालंच नाही. आणि तिने साहेबांच्या पानात अळूवडी वाढली.

साहेब गेल्यावर शिरीष फ्रेमसमोर उभा राहिला. ती ओट्याशी भांडी विसळत होती.

"इरा, शाळेच्या पुढे ही पायवाट कुठे जाते गं?"

तिने नळ बंद केला नाही. रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"हॅलमसाहेबांना विचार," ती म्हणाली. "त्यांना सगळं सांगून झालंय."