नकाशाच्या फळ्याचा हेवा

मित्रांनो, देवदाराच्या लाकडाचा, कडेला झिजलेला आणि टाचण्यांच्या भोकांनी भरलेला असा मी नकाशे काढायचा जुना फळा आहे. माझी गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण तिच्यात माझा हेवाच फार आहे.

पुण्यातल्या एका सुताराने मला जोडले, रंधले आणि माझी कड सुतासारखी सरळ केली. चिंचवडचे तरुण वास्तुरचनाकार ज्योतीराम यांनी मला कचेरीत आणले. पिंपरीकडे तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहत होते. माझ्यावर चाळी निघाल्या, गोदामे निघाली. रोज सकाळी ज्योतीराम मला मऊ फडक्याने पुसायचे. त्या पुसण्याने मी फुशारून जायचो.

१९५७ साली गावातले नानासाहेब कचेरीत आले. त्यांनी जुनी चित्रे, वाद्ये आणि भांडी जमवून एक छोटे संग्रहालय बांधले होते. जुन्या वस्तू काचेत जपायच्या आणि तशाच वस्तू घडवणाऱ्या माणसांनी मात्र कुणाच्या तरी पडवीत दिवस काढायचे, हे त्यांना पटत नव्हते. म्हणून संग्रहालयाच्या पूर्वेला सहा आणि पश्चिमेला सहा, अशी कलावंतांसाठी बारा घरे बांधायची होती. चित्रकाराला उत्तरेचा उजेड हवा, मृदंग करणाऱ्याला चामडे वाळवायला अंगण हवे, कुंभारणीला भट्टी हवी. ज्योतीराम तीन महिने माझ्यावर वाकून होते. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ.

मग तो नमुना आला.

मोशीचा सयाजी सुतार नकाशाबरहुकूम शिवणीच्या लाकडाची छोटी घरे करून घेऊन आला. बोटाएवढी दारे, उघडझाप करणाऱ्या खिडक्या. नानासाहेब त्या नमुन्याभोवती तीनदा फिरले. बाराही घरांच्या दारे-खिडक्यांचे काम सयाजीलाच द्यायचे, असे त्यांनी तिथेच ठरवले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ज्या रेघांवरून ती घरे झाली, त्या माझ्या अंगावर होत्या! मला भिंतीशी उभे केले आणि माझ्या जागी नमुना बसला. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला वाळवी लागण्याची वाट पाहू लागलो.

सयाजीचे कौतुक चालले की माझे मालक पेन्सिलीला उगाच टोक करत बसायचे. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे मला चांगले कळत होते. माझ्याही मनात तेच होते.

एके दिवशी सयाजी नमुन्याच्या खिडक्या नीट करायला आलेला असताना, ज्यांना घरे मिळणार होती त्यांना बोलावले. त्यांत कुंभारीण शालनबाई होती. ती कासारवाडीत भाड्याने राहायची, आणि धुरामुळे शेजाऱ्यांनी तिची भट्टी दोनदा मोडली होती. तिने नमुना बराच वेळ न्याहाळला. मग पदर सारखा करून तिने विचारले, "माझी भट्टी मावळतीकडं हाय. वारं तिकडूनच येतं न्हवं? मग समदा धूर तुमच्या चित्रांवर जाईल की."

नानासाहेबांचा चेहरा उतरला. भट्टीच नको, कुंभारणीची सोय दुसरीकडे पाहू, असे ते म्हणाले. शालनबाईने नमुन्यातल्या आपल्या घराचे दार हलकेच लावले.

"पश्चिमेला भट्टी कोणी ठेवली?" नानासाहेबांनी विचारले.

ज्योतीराम म्हणाले, "नकाशात पूर्वेला होती. सयाजीनं बाजू उलटी लावली."

मित्रांनो, हे खोटे होते. नकाशाचा कागद अजून माझ्या छातीवर टाचलेला होता आणि त्यावर भट्टी पश्चिमेलाच होती. पण माझे तोंड भिंतीकडे होते. आणि मी काय केले, सांगू? मी आनंदलो. नमुन्याची फजिती झाली, एवढेच मला दिसले.

नानासाहेबांनी दारे-खिडक्यांचे काम दुसऱ्याला देण्याचे ठरवले. सयाजीने आपली हत्यारे पिशवीत भरली. जाताना तो ज्योतीरामांना एवढेच म्हणाला, "साहेब, मला वाचता येत न्हाई. पर रेघ कळती."

सयाजी दारापर्यंत पोचला तेव्हा ज्योतीराम उठले. त्यांनी मला भिंतीपासून फिरवले आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "सयाजीनं माझी रेघ जशीच्या तशी उचलली. भट्टी पूर्वेला नेतो आणि चित्रकाराचं घर पश्चिमेला. शालनबाईंना घालवू नका."

नमुन्यातला दोष आधी माझ्याच अंगावर काढलेला होता. ज्याला मी वाळवी चिंतत होतो, तो बिचारा माझेच प्रतिबिंब होता.

नानासाहेब फार रागावले. तपासणीला दुसरा वास्तुरचनाकार नेमला गेला आणि कोनशिलेवर नाव त्याचे लागले. पण दारे-खिडक्या सयाजीनेच केल्या आणि पूर्वेच्या शेवटच्या घरात शालनबाईची भट्टी पेटली. धूर शेतांवरून निघून जायचा.

पुढे ज्योतीरामांनी एका कारखान्यात नोकरी धरली आणि कचेरी बंद झाली. मी पावसाळाभर ओसरीत भिजलो आणि मधोमध वाकलो. सयाजीने मला तिथून उचलून शालनबाईच्या अंगणात नेले. आता माझ्यावर ओल्या पणत्या वाळतात. नमुना संग्रहालयात काचेखाली आहे. मुले त्याला पाहायला रांग लावतात. खरे सांगतो, अजूनही पोटात थोडे दुखते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू वापरून झाल्या की पुसून, कोरड्या जागी, सपाट ठेवा. लाकूड एकदा वाकले की पुन्हा सरळ होत नाही. माणसाचे तसे नसते. त्या दिवशी चूक कबूल केल्यावर ज्योतीराम दारापर्यंत गेले, सयाजीच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी स्वतः उतरवून घेतली, आणि दोघे माझ्यावर वाकून नवी रेघ कुठे मारायची ते बघू लागले.