शनिवारची कडी

एक्याऐंशी साली नारळी पौर्णिमा नेमकी शनिवारी आली आणि अर्नाळ्याच्या अर्ध्या कोळीवाड्याचं तोंड वाकडं झालं. दर्याला नारळ दिला की होड्या पाण्यात लोटायच्या, ही तिथली रीत. पण शनिवारी? आणि त्यातून नर्मदेच्या होडीच्या तोंडावर तर तिच्या लेकीने चक्क शनी रंगवून ठेवलेला. नर्मदेचा नवरा तुळशीदास गेल्या हंगामात दर्यात गेला, तेव्हा त्याला साडेसातीने नेलं असं गावाने एकमुखाने ठरवलं होतं. आता त्याची बायको त्याच शनीला होडीवर मिरवत होती. बाईचं डोकं फिरलंय, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

तिचा दीर भालचंद्र वरून हळहळत होता आणि आतून वाट बघत होता. पौर्णिमेला खलाशी होडीवर चढले नाहीत तर होडी त्याच्या ताब्यात द्यायची, असं घरच्या बैठकीत ठरलेलं. मग नर्मदेने दुसऱ्यांची मासळी डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात बसायचं.

चित्राचं खूळ त्या लेकीचं, मालनचं. ती वसईच्या कॉलेजात सायन्सला. आदल्या नोव्हेंबरात अमेरिकेचं एक यान शनीजवळून गेलं, त्याने धाडलेले फोटो पेपरात आले, ते कात्रण तिने घरी आणलं. नर्मदेने ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्याने कमरेला ट्यूब घातलीय," ती म्हणाली. पोरं विहिरीत पोहताना मोटारीची ट्यूब घालतात, तसंच तिला ते कडं दिसलं.

मालन आधी हसली, मग विचारात पडली. "आये, ते बर्फाचे तुकडे हायेत. कोन वाळूएवढा, कोन घराएवढा. सगळे आपापल्या वाटेने त्याच्याभोवती फिरतात. पन तू बोललीस ते अगदीच खोटं नाय. शनी म्हंजे नुसता वायूचा गोळा, वर उभं राहायला जमीन नाय. पान्यापेक्षा हलका. त्याला मावेल एवढा दर्या असता ना, तर तो बुडला नसता. तरंगला असता."

नर्मदेला हे भलतंच आवडलं. इतके दिवस ज्याच्या नावाने लोकांनी तिला घाबरवलं, तो बुडणाऱ्यांतला नव्हताच. मग तिने लेकीला खोदखोदून विचारलं. त्याला चंद्र किती? सतरा तरी आहेत, आणखी निघतील. सगळ्यात मोठा टायटन, त्याला स्वतःची दाट हवा आहे आणि तो नारिंगी धुक्यात तोंड लपवून बसलाय. दोन लहानगे एका कडीच्या दोन्ही अंगांनी पळतात आणि तिच्यातल्या तुकड्यांना फाकू देत नाहीत. आणि एक मायमस. त्याच्यावर कधीतरी एवढा मोठा धोंडा आपटला की अंगाला खळगाच पडला. फुटायचा तो थोडक्यात वाचला.

"आनि आता?"

"आता काय, फिरतोय."

"होडीवर शनीसंगट त्याला बी काढ," नर्मदा म्हणाली. "मोठा काढ. खळगा दिसू दे."

पौर्णिमेला सगळे किनाऱ्यावर जमले. होडी हाकणारा तांडेल पांडुरंग हाताची घडी घालून वाळूत उभा राहिला आणि त्याच्यामागे खलाशी.

"नर्मदा, ते चित्र पूस. उद्या जाऊ."

"उद्या नाय. आजच."

"वैनी, हट्ट कशाला करता?" भालचंद्र मध्ये पडला. "दादाला त्यानेच नेला. आता ह्या पोरांना पन त्याच्या तोंडी देता?"

नर्मदेचं डोकं तडकलं. तिने कमरेच्या ओच्यातून गंजलेली, तुटलेली लोखंडी कडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"ही वळखता, भावजी?"

शिडाचा आडवा वासा डोलकाठीला धरून ठेवणारी ती कडी. झिजली होती, म्हणून तुळशीदासने भावाला नवी आणायला विरारला धाडलं. भावजी हात हलवत परत आले. "शनिवारी लोखंड कोन घेतो, वैनी?" असं तिच्याच चुलीपाशी बसून, तिचाच चहा पिता पिता म्हणाले. दोन दिवसांनी भर दर्यात कडी तुटली, वासा तुळशीदासच्या डोक्यात बसला आणि तो पाण्यात गेला. घरची अब्रू म्हणून नर्मदा वर्षभर मूग गिळून बसली होती. आज तिने सगळं सगळ्यांसमोर सांगितलं.

"शनी कोट्यवधी मैल लांब हाय. त्याला आपलं गाव ठाऊक बी नाय. त्याची कडी बर्फाच्या तुकड्यांची, तरी ती शाबूत. आमची लोखंडाची, ती तुटली. माझा मानूस शनीने नाय नेला, भावजी. तुमच्या शनिवाराने नेला."

भालचंद्राने मान खाली घातली. नर्मदेला रडू आलं, आणि या सगळ्यांपुढे रडू आलं याचा तिला फार राग आला.

पांडुरंगने तुटकी कडी हातात घेऊन फिरवून बघितली. "नवी बसवलीस?"

"बसवली."

"आनली कुठनं?"

"विरारच्या बाजारातनं. मीच गेले." तिने पदराने नाक पुसलं. "गेल्या शनिवारी. मुद्दाम."

पांडुरंग होडीवर चढला, डोलकाठीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी नवी कडी धरून त्याने आपलं सगळं वजन तिला टांगलं. कडी जागची हलली नाही. मग तो खलाशांकडे वळला.

"बघता काय? लोटा."