श्रीगोंद्याची पांढरी गाडी ट्रॅकवर

स्वयंपाकघरात कपातला चमचा किणकिणला आणि पहाटेची शांतता मोडली. पत्र्याच्या शेडखाली मी जागीच होते. मित्रांनो, मी श्रीगोंद्याच्या सुनील आणि स्नेहलच्या घरची जुनी पांढरी गाडी. आज स्नेहल मला गाड्या जोरात पळवायच्या ट्रॅकवर नेणार होती.

नवी होते तेव्हा माझ्या काचेत आख्खं आभाळ मावायचं. पुढे मी कांद्याच्या गोण्या वाहिल्या, लग्नाची वऱ्हाडं नेली. कळा देणाऱ्या स्नेहलला दवाखान्यात पोचवलं आणि येताना इवल्याशा दिशाला दुपट्यात गुंडाळून घरी आणलं. तेव्हा सगळे म्हणायचे, "गाडी लई गुणाची हाय!"

मग गेल्या गाळप हंगामात एका संध्याकाळी, दिवे नसलेली उसाची ट्रॉली वळणावर एकदम पुढ्यात आली. स्नेहलने ब्रेक दाबला. वीतभर अंतराने आम्ही वाचलो. पण त्या दिवसापासून ब्रेकवर ठेवला की तिचा पाय थरथरायचा. हळूहळू तिने मला बाहेर काढणंच सोडलं. माझ्या टपावर कोंबड्या बसू लागल्या.

ट्रॅकची माहिती सुनीलनेच काढली. तिथे समोरून कोणी येत नाही, शिकवणारा शेजारी बसतो, जोरात ब्रेक लावायला शिकवतात. "एकदा जाऊन तर बघ," तो म्हणाला. "न्हाईच जमलं तर इकून टाकू गाडी."

ऐकून माझं इंजिन गारठलं.

मग माझी सरबराई सुरू झाली. ब्रेकचं तेल बदललं, झिजलेले पॅड काढून नवे बसवले, चाकांचे नट आवळले. स्नेहल पातळ तळव्याचे बूट घालून शेडमध्येच ब्रेक दाबायचा सराव करायची. ट्रॅकवाल्यांनी बजावलं होतं, गाडीत सुटं काहीही नको. मॅट, जॅक, दिशाची खेळणी, सगळं बाहेर निघालं.

ट्रॅकसाठी आणलेलं हेल्मेट पाहून सासूबाई मालनबाई म्हणाल्या, "चारचाकीत टोपडं? मंग स्कुटीवर काय, घमेलं घालशील?"

हसल्या खऱ्या, पण मला अशी रिकामी बघून त्यांचा जीव खालीवर होत होता. आज निघताना त्यांनी लाल फडक्यात बांधलेला नारळ हळूच स्नेहलच्या सीटखाली सरकवला. देवाचा राखणदार! मला कळलं, पण मला कुठे बोलता येतं?

ट्रॅकपर्यंत मीच नेते, असं म्हणून स्नेहल स्टिअरिंगवर बसली. सुनील शेजारी, दिशा आणि मालनबाई मागे. वाटेत उतार लागला आणि नारळ गडगडत ब्रेकखाली जाऊन अडकला. ती ब्रेक दाबते, तर पेडल खाली जाईचना! तिने गिअर उतरवले, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि मला कडेला उभं केलं. खाली वाकून लाल फडकं बाहेर काढलं.

"आत्या, हे काय?"

"तुज्यासाठीच ठिवला गं बाई." मागे बसलेल्या मालनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माज्याच हातनं काय झालं आसतं!"

स्नेहलने नुसता त्यांचा हात धरला. मालनबाई खाली उतरल्या, कडेच्या दगडावर नारळ फोडला आणि सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. "खावा. आता राखणदार पोटात बसंल."

आणि मग तो ट्रॅक! मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी असा रस्ता पाहिला नव्हता. खड्डा नाही, गतिरोधक नाही, आडवी म्हैस नाही. उन्हात चमकत माळावर पसरलेला काळाभोर, रुंद पट्टा. पहिली फेरी सावकाश झाली. मग शिकवणारे म्हणाले, "आता दाबा, ताई!"

माझ्यात इतका वेग होता, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. डोंगर बाजूला सरकत गेले. वारा गाऊ लागला. समोरून वळण धावत आलं. "ब्रेक!" स्नेहलचा पाय क्षणभर हवेतच राहिला, आणि मग सगळ्या ताकदीने खाली आला.

माझ्या चारही चाकांनी जमीन घट्ट धरली. हेल्मेटच्या आतून एक आवाज आला. हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही. पण पुढच्या वळणावर तिचा पाय थरथरला नाही.

मित्रांनो, वेगाची हौस ट्रॅकवरच भागवा. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, शाळेची लेकरं असतात. आणि आम्हा गाड्यांना धुवा-पुसा, पण त्याआधी आमच्या ब्रेकची, टायरची विचारपूस करा. तुमच्या जिवाची राखण तिथूनच होते.

मला गार होऊ द्यायला स्नेहलने शेवटची फेरी सावकाश मारली. घामेजलेल्या केसांनी बाहेर आली आणि सुनीलला म्हणाली, "गाडी विकायची नाही."

दिशा धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. "आई, एवढ्या जोरात गेलीस आणि परत इथंच आलीस. मग तू पोचलीस कुठं?"

स्नेहलने हसून तिला मागच्या सीटवर बसवलं, आणि घरी जायला पुन्हा माझं स्टिअरिंग धरलं. आम्ही दोघी इथेच तर पोचलो होतो.