मला धरायला कोणी नव्हतं

मी एका जुन्या, दोन माणसांच्या, दिमाखदार मोटारीचा मागचा ॲक्सल बोलतोय. आलं काही डोळ्यांपुढे? नाहीच येणार. मोटार म्हटली की तुम्ही रंग बघता, हॉर्न वाजवता. वाकून खाली कोण बघतो? मागच्या दोन चाकांना जोडणारा जाडजूड दांडा म्हणजे मी.

कारखान्यात मला घडवलं उत्तम, पण बसवताना मात्र कंजुषी केली. दोन पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलं आणि हात झटकले. बाजूला सरकू नये म्हणून धरायला काही दिलंच नाही. सरळ रस्त्यावर खपून गेलं. वळणावर गाडी एकीकडे, मी दुसरीकडे!

माझे मालक दातांचे डॉक्टर. दुसऱ्याच्या तोंडातला हलणारा दात त्यांना बोट लावताच कळतो. स्वतःच्या गाडीखाली हलणारा मी मात्र त्यांना वर्षानुवर्षं कळलो नाही. त्यांनी काय केलं? नवा रंग दिला, कातडी गाद्या शिवल्या, रुंद टायर घातले. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्यांची मुलगी जनावरांची डॉक्टर. एकदा तिने गाडी बाहेर काढली. शाळेजवळच्या वळणावर मी सरकलो आणि गाडीची मागची बाजू भिंतीला घासली. कोणाला लागलं नाही, पण घरी आल्यावर डॉक्टरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"बाबा, मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं हो," ती सांगत होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं! तुझा हातच कच्चा आहे."

अहो, अंगण खरंच वाकडं होतं! पण तिने किल्ली ठेवली ती ठेवलीच. आता दवाखान्यात बसने जाते. परवा तिला मनासारखी नोकरी चालून आली, वाड्यावस्त्यांवर फिरून जनावरं तपासायची. गाडी स्वतः चालवायची होती. ती उत्तर द्यायचं लांबवत राहिली.

मग त्याच वळणावर डॉक्टर स्वतः चालवत असताना गाडी सरकली. आता हात कच्चा कसा असेल? आता गाडीत दोष! लगेच मेहुण्याला बोलावणं गेलं. मेहुणा सर्वज्ञ. तो एक लोखंडी दांडा घेऊन आला. त्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं मला, म्हणजे मी बाजूला हलणार नाही. कल्पना चांगली होती. पण या शहाण्यांनी गाडी जॅकवर चढवली, मी खाली लोंबकळत असताना माप घेतलं आणि बोल्ट आवळून टाकले. गाडी खाली उतरवताच वजनाने मी वर गेलो, दांड्याने मला एका बाजूला रेटलं आणि चाक पत्र्याला घासायला लागलं.

"चाकंच चुकीची आहेत, दाजी!" मेहुणा म्हणाला.

दारात उभी असलेली मुलगी हसली. "मामा, टांगून काय मोजताय? चाकं जमिनीवर असू द्या, गाडीचं वजन पडू द्या, मग दांडा आडवा ठेवून बोल्ट आवळा."

"भिंतीला गाडी घासणाऱ्यांनी शिकवू नये," डॉक्टर म्हणाले. ती आत गेली. आणि दोघांनी गुपचूप तिने सांगितलं तस्संच केलं. मला तर शिसारी आली.

मग दोघे चक्कर मारायला निघाले. शाळेजवळचं वळण आलं आणि मी जन्मात पहिल्यांदा जागच्या जागी राहिलो. काय सांगू तो आनंद! डॉक्टरांनी गाडी हळू केली.

"म्हणजे तेव्हा पोरीची चूक नव्हती," ते पुटपुटले.

"जुनं कशाला उकरता, दाजी?"

"तेही खरंच."

घरी येताच मुलीने विचारलं, "कशी वळते?"

"झकास! हात पक्का लागतो, बाकी काय."

ती घरात निघून गेली. थोड्या वेळाने खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला. "नाही सर, नोकरी आवडली होती. पण मला गाडी चालवणं जमत नाही. दुसऱ्या कोणाला तरी घ्या."

खिडकीखालीच डॉक्टर फडक्याने बोनेट चमकवत होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

आज मी ठणठणीत आहे. ग्रीस आहे, दांड्याच्या टोकांना नवे रबरी बुश आहेत, माझी काही तक्रार नाही. फक्त मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो दातांचा डॉक्टर ते उघडत नाही. तुम्ही त्या घरावरून गेलात तर आत जा आणि तिला सांगा, पोरी, तुझा हात चांगला आहे. फोन पुन्हा लाव.