कुणाचा गॅलन?

मित्रांनो, विमानाच्या टाकीत बुडी मारून इंधन मोजण्यात जिचा जन्म गेला, अशी मी एक जुनी मेपलची काठी. अंगाला पेट्रोलचा वास अजून येतो, त्याबद्दल माफी असावी.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या डेल्बर्ट नावाच्या मिस्त्रीने मला घडवलं. तो टाकीत एकेक गॅलन ओतायचा आणि तापल्या सळईने माझ्या अंगावर रेघ डागायचा. दुखलं खूप, पण रेघा अशा नेमक्या उठल्या की मी तोऱ्यातच वावरू लागले. पुढे ते पाण्यावर उतरणारं विमान सीमेपलीकडे कॅनडात, उत्तर ऑन्टारिओतल्या एका तळ्यावर विकलं गेलं आणि मी त्याच्यासोबत आंदण गेले.

तिथली वैमानिक मॉरीन. हुशार बाई, पण घाई फार. विमानातला इंधनाचा काटा लहरी, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. एरवी ती टाकी काठोकाठ भरूनच निघायची, त्यामुळे माझ्या रेघांची खरी गरज तिला कधी पडलीच नव्हती.

एका सकाळी तळ्यावरच्या एका कोळ्याच्या बायकोला, अ‍ॅग्नेसला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. इंधनाची पिंपं दुपारी यायची होती. मॉरीनने मला टाकीत बुडवलं.

"बत्तीस! तीस गॅलनांत शहरातलं इस्पितळ येतं."

"पिंपं येईपर्यंत थांब गं," तिथला मिस्त्री एनार म्हणाला.

"बाळाला सांग थांबायला!"

बहुतेक वाट सरली आणि इंजिन खोकून बंद पडलं. मॉरीनने विमान कसंबसं एका निर्जन तळ्यावर उतरवलं.

"मॉरीन, हेच का गं तुझं इस्पितळ?" अ‍ॅग्नेसने दात आवळून विचारलं. मॉरीन रेडिओवर मदत मागू लागली.

दुसरं विमान इंधनाचे डबे घेऊन आलं, त्याला दीड तास लागला. तो दीड तास मी अ‍ॅग्नेसच्या पायाशी पडून तिचं कण्हणं ऐकलं. इस्पितळात पोचताच मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, पण माझी मान वर होईना.

परतल्यावर मॉरीनने मला एनारपुढे आदळलं. "ही लबाड काठी चुलीत घाल!"

एनारने मोजून इंधन ओतलं, मला बुडवून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "ही खरंच बोलत होती. फक्त अमेरिकन गॅलन बोलत होती. त्यांचे सहा म्हणजे आपले पाच."

"गॅलन म्हणजे गॅलन! वीस वर्षं उडवतेय मी."

"मग वीस वर्षांत एकदा तरी विचारायचंस, कुणाचा गॅलन?" मग तो हळूच म्हणाला, "मीही नाही विचारलं."

त्याने डेल्बर्टला फोन लावला. डेल्बर्ट उसळला, "तुमचाच गॅलन लठ्ठ!" एनार ओरडला, "तुमचा उपाशी!" पण अ‍ॅग्नेसचं कळलं तेव्हा डेल्बर्टने आधी बाळ कसं आहे ते विचारलं. पुढच्याच आठवड्यात डेल्बर्ट गाडी हाकत तळ्यावर हजर झाला.

दोघे कॉफी पीत पुन्हा भांडू लागले, कुणाचा गॅलन खरा म्हणून. इस्पितळातून घरी आलेली अ‍ॅग्नेस बाळाला थोपटत म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत माझं दुसरं व्हायचं!"

मग दोघांनी आपापला गॅलन सोडला. एनारने लिटर मोजून ओतले, डेल्बर्टने माझ्या दुसऱ्या बाजूला रेघा डागल्या आणि वर 'लिटर' असं ठळक लिहिलं. या वेळी दुखलं तरी बरं वाटलं. काठीवर मापाचं नाव आणि विमानाचा क्रमांक हवाच, असा कागद दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मिस्त्र्यांकडे फिरवला. काही हसले. नऊ जणांनी सही केली, पुढच्या वर्षी आणखी चौदा.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, उन्हात वाकू देऊ नका. पण आकडा सांगणाऱ्याला त्याचं माप विचारायला मुळीच लाजू नका. मॉरीन आता प्रत्येक उड्डाणाआधी खणखणीत आवाजात विचारते, "कुणाचा गॅलन?" बाकीचे वैमानिक तिची टर उडवतात. आता मोठी झालेली अ‍ॅग्नेसची मुलगी मात्र हसत नाही. विमानात बसली की उत्तर ऐकल्याशिवाय ती पट्टाच बांधत नाही.