आईचा तंबू

माझ्या आईचा शोक तुम्ही चोरलात. तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नाव घेणार नाही. चोर निदान तोंड लपवून येतो. तुम्ही बँड लावून आलात, फीत कापलीत, टाळ्या घेतल्यात आणि गेलात.

अदिस अबाबा सुंदर झालं म्हणे. झालंय, मी काही आंधळी नाही. सायकलींसाठी लाल पट्टे, ओळीत उभी केलेली खजुराची झाडं, खांबाखांबावर दिव्यांच्या माळा. परदेशी गेलेल्यांची पोरं सुटीला आली की आधी ते गाणारं कारंजं बघायला जातात. जाऊ देत. पण त्या कारंज्याखाली आमची गल्ली आहे. गिरणीमागची गल्ली. पत्र्याची छपरं, मातीच्या भिंती, सगळ्यांत मिळून एक नळ आणि सगळ्यांचं मिळून एक एदिर.

एदिर म्हणजे मरणाचं मंडळ. गल्लीत कुणी गेलं की पहाटे मंडळाचे गाशे मक्बिब, गाशे म्हणजे वडीलधारे काका, तुतारी फुंकत फिरायचे, "उठा, अमका गेला" म्हणून ओरडायचे, आणि उन्हं वर यायच्या आत दारापुढे तंबू उभा राहायचा. मंडळाची बाकं, मंडळाची पातेली, मंडळाचे कप. माती देऊन आलं की सगळी गल्ली तंबूत बसायची. तीन दिवस घरच्यांना एकटं सोडायचं नाही. पुरुष तिथेच पत्ते खेळत झोपायचे, बायका चूल सांभाळायच्या. आलेल्यांसाठी गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवायचं काम माझ्या आईचं, अत्सेदेचं. शेजारच्या एल्फ्नेशशी तिचं नळावर झिंज्या उपटेपर्यंत भांडण झालेलं. पण एल्फ्नेशचा नवरा गेला तेव्हा पहिलं पातेलं आईनेच चढवलं. "भांडण तिच्याशी आहे," म्हणाली, "घुगऱ्यांशी नाही. मीठ चुकलं तर मेलेला माणूस काय म्हणेल?"

गल्ली पाडून तुम्ही आम्हाला शहराच्या कडेला नेऊन टाकलंत. एकाला पूर्वेला, एकाला दक्षिणेला, जिथे चिठ्ठी निघेल तिथे. आम्हाला चौथा मजला मिळाला. नळ घरात आला, हे मान्य. बाकी काही आलं नाही. तंबू गाशे मक्बिबांच्या बाल्कनीत घडी करून पडला.

आईला एकच घोर लागला. "त्सिगे, मी गेले की तंबू कुठे ठोकाल? फरशीत खुंटी शिरत नाही."

"खाली गाड्या लावतात तिथे."

"विचारून आले मी. तो इमारतीचा समितीवाला म्हणतो, एतीये, आजीबाई, आधी अर्ज द्यावा लागेल. मी म्हटलं, बाळा, मरायच्या आधी देऊ की नंतर?"

हसलो आम्ही. मग ती खिडकीशी जाऊन खालची फरशी न्याहाळू लागली.

एका रविवारी हट्टच धरला तिने, दाखव मला ते कारंजं. घेऊन गेले. लोक फोटो काढत होते, आइस्क्रीम खात होते. आई कारंज्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हा नळ." मग फुलांच्या वाफ्यांमधून बोट दाखवत चालत राहिली. "हे एल्फ्नेशचं दार. ही गटार, इथे तुझा बाप पिऊन पडायचा. ही आपली चूल." चुलीच्या जागी हिरवळ होती. ती तिथे फतकल मारून बसली. लगेच शिट्टी. गवतावर बसायचं नाही.

ती उठली, घागरा झटकला आणि मला म्हणाली, "माझ्यासाठी लोक इथेच बसले पाहिजेत. त्या इमारतीत मला ओळखतं कोण? समोरच्या दारातली पोरगी मला 'वरची आजी' म्हणते. समोर राहून वरची! कबूल कर."

मी कबूल केलं. काय करणार होते?

पावसाळा सरता सरता ती गेली. सकाळी कॉफी भाजायला बसली होती. बिया जळल्याचा वास आला म्हणून मी आत गेले.

तुतारी कुणासाठी फुंकायची? गाशे मक्बिबांनी खुर्चीत बसून एकेकाला फोन लावला. कुणी 'हॅलो' म्हणायच्या आत, गल्लीत ओरडायचे त्याच आवाजात, "उठा, अत्सेदे गेली." फोन ठेवायचे आणि पुढचा लावायचे. घसा बसला त्यांचा.

गल्लीच्या वरच्या अंगाचं चर्च तेवढं तुम्ही ठेवलंत, जुनं आहे म्हणून. तिथेच माती दिली. लोक आले, चारी टोकांहून मिनीबस बदलत आले. बायकांनी पांढऱ्या नेतेला, आमच्या सुती शाली, पांघरल्या होत्या, शोकात घेतात तशा, काठ वर, तोंडाजवळ. ठरलं होतं असं की तिथून सगळे बसने आमच्या इमारतीत यायचे, आणि दहा-दहा जणांनी घरात आळीपाळीने बसायचं. बस चर्चच्या फाटकाशी उभी होती.

बसकडे कुणी गेलंच नाही. माती देऊन झाली, माणसं वळली आणि उताराने खाली चालू लागली, आयुष्यभर चालत आली तशी. मीही चालत होते. मान खाली, एकमेकींचा हात धरून. ओळीतला पुढचा थांबला तेव्हा मी मान वर केली. कारंज्याच्या उद्यानाचं फाटक.

"अरे देवा," एल्फ्नेश म्हणाली. "पायांना कुणी सांगितलंच नाही."

फाटकावरचा रखवालदार तरणा होता. आमचे काठ बघितले आणि आधी टोपी काढली. "कोण गेलं? देव बळ देवो." मग टोपी परत घातली. "पण इथे नाही हं बसायचं."

"आम्ही फिरायला आलोय," गाशे मक्बिब म्हणाले. "फिरायला सगळ्यांना मुभा आहे ना?"

"आहे, गाशे. पण काठ खाली घ्या म्हणावं बायकांना. असं शोकाचं फिरलेलं चालत नाही, पाहुणे येतात. साहेब कॅमेऱ्यात बघतात."

"माणूस गेल्यावर काठ कुठे असतो, आईने शिकवलं नाही तुला?"

"शिकवलं म्हणून तर ओळखलं, गाशे. नोकरी जाईल माझी."

काहींनी काठ खाली घेतले. एल्फ्नेशने नाही घेतला. "नेतेला माझी, मैत्रीण माझी," म्हणाली, "तू बाजूला हो."

शिरलो आत. बसायचं नव्हतं, म्हणून आईच्या चुलीभोवती, त्या हिरवळीच्या कडेने, उभे राहिलो. एल्फ्नेशने पिशवीतून डबा काढला. पहाटे उठून शिजवलेल्या घुगऱ्या. मूठमूठ वाटल्या. रखवालदार मागून आलाच, "बाहेरचं खाणं आत आणायचं नाही."

"हे बाहेरचं नाही," गाशे म्हणाले. "हे इथलंच आहे. बाहेरचा तू आहेस."

त्यांनी मूठ तोंडात टाकली, चावली आणि थांबले. "मीठ कमी आहे," एवढंच म्हणाले. मग तो थोराड माणूस लहान पोरासारखा रडायला लागला, आणि आम्हा सगळ्यांचा बांध फुटला.

तेवढ्यात एक लग्नाचं वऱ्हाड फोटोला आलं. कॅमेरावाल्याला वाटलं, पांढऱ्या कपड्यांतली ही म्हातारी माणसं नवरीकडचीच. "या, या, आजी, मागे उभ्या राहा!" नवरी आमच्याकडे बघून हसली. कोवळी होती. तिला काय माहीत? एल्फ्नेशने डोळे पुसले, आणि रखवालदारासाठी जो काठ खाली आला नव्हता तो तिने स्वतःच्या हाताने खाली केला. नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोराबाळांनी घर भरो." वऱ्हाड पुढे गेलं, तसा तिने काठ पुन्हा वर घेतला आणि पुन्हा रडू लागली.

मग तुमचा साहेब आला. तो ओरडला नाही, त्याने फक्त हात वर केला. कारंजं सुरू झालं, आणि त्याबरोबर ते गाणं, इतकं मोठ्याने की शेजारच्या बाईचा हुंदका ऐकू येईना. मोठ्याने रडावं तर लोकांना वाटे, आम्ही गाण्यात सूर मिळवतोय. पोरं टाळ्या पिटत होती. आम्ही एकेक करत फाटकाबाहेर पडलो. घडी केलेला तंबू गाशे मक्बिबांच्या खांद्यावर तसाच होता. सकाळी चर्चपाशी बसमधून उतरवल्यापासून ते तो घेऊनच हिंडत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दोन तास. तीन दिवसांच्या जागी माझ्या आईला उभ्याने दोन तास मिळाले.

आता तिचा चाळिसावा दिवस येतोय. त्या दिवशी लोकांना जेवू घालायचं असतं, तिच्या नावाने. एल्फ्नेश रोज फोन करते, "त्सिगे, कुठे यायचं?" गाशेही विचारतात. मीठ मी स्वतः बघणार आहे, पातेली गोळा झाली आहेत, माणसं यायला तयार आहेत. मला तुमची समजूत नको, भरपाई नको, दुसरं उद्यान नको. मला पत्ता हवाय. तुमच्या या एवढ्या देखण्या राजधानीत माणसाने माणसासाठी रडायला बसायचं कुठे? लोक थांबलेत. उत्तर द्या.