पुलावरचं सरकार

माझ्या भावाने त्या पोलिसाचं डोकं पुलाच्या कठड्यावर दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा मी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि दोघांच्या मध्ये फेकला. गेदेवानचा हात हवेतच थांबला. पोलिसाच्या नाकातोंडातून रक्त वाहत होतं. त्याच्याबरोबरचा दुसरा पोलीस केव्हाच गाडीखाली शिरला होता.

"ताई, उचल तो," गेदेवान धापा टाकत म्हणाला.

"आधी त्याला सोड."

"सोडलंय ना! उचल म्हणतो. लोक बघतायत."

आमच्या डोंगरात बाईने भांडणात रुमाल टाकला की संपलं. सुरा असो, बंदूक असो, हात खाली येतो. रुमाल ओलांडून वार करणाऱ्याच्या घरचं पाणी पुढे कुणी पीत नाही. आमची आई गेली तेव्हा गेदेवान रांगत होता. त्याला मी वाढवलं, मी मारलं, मीच जेवू घातलं. तो जगात कुणाला घाबरत नसे, पण माझ्या उघड्या डोक्याला घाबरायचा.

त्या पोलिसाला मी माझ्याच झग्याच्या टोकाने पुसलं. मिसरूड नुकतंच फुटलेलं पोर, नव्या कोऱ्या गणवेशातलं. "काकू, आम्ही फक्त फाटक काढायला सांगितलं," तो रडत म्हणाला. त्याला काय माहीत, ते फाटक म्हणजे काय होतं.

सोव्हिएत राज्य बुडालं तेव्हा आमचं खोरं वाऱ्यावर पडलं. वीज गेली, पगार गेले, दवाखान्यातला डॉक्टर बायकोपोरांसह खाली राजधानीत, तिबिलिसीला पळाला. ठाण्यावरचा ओतिया तेवढा राहिला. तो ज्याची दारू प्यायचा त्याच्या बाजूने साक्ष द्यायचा. पुलाच्या फळ्या कुजून एक बाई गायीसकट नदीत गेली, तरी वरून कुणी फिरकलं नाही. मग गेदेवानने चार माणसं आणि चार बंदुका जमवल्या आणि पुलावर फाटक घातलं. ट्रकवाल्यांकडून वसुली करायचा. त्यातून फळ्या बदलल्या, हिवाळ्यात बर्फ काढलं, विधवांच्या दारात लाकडं टाकली. मीही विधवाच. माझ्याही दारात ती पडत होती.

तो देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. वसुली न देणाऱ्या एका ट्रकवाल्याचे दोन्ही गुडघे त्याने लोखंडी कांबीने फोडले. तो माणूस अजून फरफटत चालतो. मेंढ्या चोरणाऱ्याला त्याने झाडाला बांधून इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. पण चोऱ्या थांबल्या. लोक पुढ्यात त्याला "सरकार" म्हणायचे आणि पाठीमागे थुंकायचे, खऱ्या सरकारपुढे वाकतात आणि मागे थुंकतात तसंच.

मग राजधानीत नवे लोक आले. कोट घालणारे, भराभर बोलणारे. त्यांनी एका फटक्यात जुने पोलीस घरी बसवले, ओतियासकट. मी त्या दिवशी शेजारणींना साखर वाटली. लाच बंद, नवी कोर्टं, नवे न्यायाधीश, असं रेडिओवर सांगत होते. मला ते खरंच वाटलं आणि बरंही वाटलं.

पुलावरच्या मारहाणीनंतर दोन दिवसांनी माझ्या दारात एक माणूस आला. साधे कपडे, हातात मिठाईचा डबा. म्हणाला, "मी कॅप्टन नुगझार. माझी आजी या डोंगरातलीच, ताई. आत येऊ का?"

दारात आलेल्याला आम्ही परत पाठवत नाही. मी चीज भरलेली गरम भाकरी, आमची खाचापुरी केली, वाइन ठेवली. त्याने आधी माझ्या मेलेल्या माणसांच्या नावाने पेला उचलला, मगच खायला सुरुवात केली. रीत माहीत होती त्याला.

"त्या पोराला तुम्ही वाचवलंत," तो म्हणाला. "आता भावाला वाचवा. परवा माझी माणसं येणार. गेदेवान गोळीबार करणार, आम्ही करणार. घरात त्याच्या पोरी आहेत."

"मग येऊ नका ना! पूल त्यानेच सांभाळला. तुम्ही तेव्हा कुठं झोपला होता?"

तो ओशाळला. "चूक आमचीच, मान्य. म्हणून तर सुधारतोय सगळं. ताई, एका देशात दोन सरकारं कशी चालतील? तो ट्रकवाला तुमच्या भावाकडे तक्रार घेऊन जाणार का, भावानेच गुडघे फोडले म्हणून?"

गेले कित्येक महिने मला तोच ट्रकवाला स्वप्नात दिसत होता.

"त्याला शिक्षा होईल?"

"होईल. पण कोर्टात होईल. वकील मिळेल, कुणी अंगाला हात लावणार नाही. तुम्ही मधे येऊन रुमाल टाका. तो थांबेल, आम्हीही थांबू."

"तुम्ही थांबाल?"

"मी आजीच्या हाताखाली वाढलोय," कॅप्टन म्हणाला आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. आमच्यात एवढं केलं की शब्द दिला. मी गेदेवानला काहीच कळवलं नाही. कळवलं असतं तर तो जंगलात निघून गेला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. काळे बुरखे, चिलखती गाड्या, डोक्यावर हेलिकॉप्टर. माझ्या भावाचा कुत्रा भुंकला म्हणून त्यांनी आधी त्याला उडवलं. मग गेदेवानने वरच्या खिडकीतून गोळ्या झाडल्या. एक बुरखेवाला मांडी धरून कोसळला. घराच्या भिंतीवर गोळ्यांचा असा मारा झाला की धुरळ्यात घर दिसेना. आतून भावजय किंचाळत होती, पोरी किंचाळत होत्या. आमचा धाकटा मावसभाऊ गोठ्याकडून पळत निघाला आणि पाठीत गोळी बसून शेणात तोंडावर पडला. अजून विशीतही नव्हता तो.

मी अंगणात धावले. रुमाल सोडला, मधोमध फेकला आणि उघड्या डोक्याने ओरडले, "गेदेवान! माझी शपथ आहे, बाहेर ये!"

गोळीबार थांबला. दोन्हीकडचा. कॅप्टनने हात वर केला होता.

दार उघडलं. गेदेवान बाहेर आला. गालावर काच लागून रक्त आलं होतं. त्याने त्या सगळ्या बुरख्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी रागावले की बघायचा ना, तसंच.

"डोकं झाक ताई, थंडी आहे," तो म्हणाला. खाली वाकून त्याने कलाश्निकोव्ह माझ्या पायाशी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून उभा राहिला.

तेव्हा त्यांनी गोळ्या घातल्या. एक नाही, दोन नाही, छाती फाटेपर्यंत. तो माझ्या अंगावर कोसळला आणि मी त्याच्याखाली बसले. तोंडात त्याचं रक्त गेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाका मारत राहिले, पण माझा भाऊ गेला होता.

कॅप्टन चालत आला. त्याने शिरस्त्राण काढलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. आवाज अगदी मायेचा.

"ताई, कोर्टात त्याच्यावर काही टिकलं नसतं. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला या खोऱ्यातलं कोण उभं राहिलं असतं? सुटून आला असता आणि पुन्हा पुलावर बसला असता. राज्य असं उभं राहत नाही."

"तू माझी भाकरी खाल्लीस."

"खाल्ली," तो म्हणाला. "आज माझा एकही माणूस मेला नाही."

बंदूक माझ्या पायाशीच होती. ती चालवायला आमच्याकडे पोरींनाही शिकवतात. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर रिकामी केली. त्याच्या माणसांनी माझ्या कमरेत दोन गोळ्या घातल्या, पण तोवर कॅप्टन नुगझारला चेहरा उरला नव्हता.

मला इस्पितळात नेलं, बरं केलं, मग कोर्टात उभं केलं. उभं तरी कसलं, खुर्ची दिली. न्यायाधीश तरुण बाई होती. तिने कुणाकडून काही घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही. सरकारने दिलेला वकील माझ्यासाठी खरंच भांडला. पोलिसांनी अंगाला हात लावला नाही, उलट जिना चढताना आधार दिला. माझं म्हणणं तिने शेवटपर्यंत ऐकलं, रुमालाचंसुद्धा, आणि खेदाने सांगितलं की कायद्यात रुमालाला जागा नाही. गेदेवानवर गोळ्या कुणी घातल्या ते बुरख्यांमुळे ठरवता आलं नाही. माझं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. मला जन्मठेप झाली.

कोर्टाबद्दल कॅप्टन खोटं बोलला नव्हता. कोर्ट तसंच होतं, त्याने सांगितलं होतं अगदी तसं. मी त्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले, आणि त्या न्यायाधीशबाईला वाटलं मी शिक्षेमुळे रडतेय. अहो, माझा गेदेवान त्या कोर्टात आपल्या पायांनी चालत गेला असता!